ओटीपी मुंबईत, मूल गावात

कोकणातल्या कितीतरी घरांचा पत्ता एका ठिकाणचा आणि मोबाइल नंबर दुसऱ्या ठिकाणचा असतो. शाळेच्या रजिस्टरला गावचा पत्ता, पण नंबर बाबांचा. आणि बाबा नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, नाहीतर ट्रॉलरवर चार-चार दिवस रेंजच्या बाहेर. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेला अकरावीचा प्रवेश असो किंवा लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी असो, सगळीकडे तोच प्रकार. त्या ई-केवायसीला तर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागला. सेतू केंद्रात बसलेली आई मुंबईला फोन लावते, "आला का हो? सांगा लवकर, वेळ संपतोय", आणि पलीकडून सहा आकडे वाचले जातात. मूल शेजारीच उभं असतं. त्याच्या दृष्टीने ओटीपी ही फोनवर सांगायचीच गोष्ट असते.

आणि आम्ही शिक्षक वर्गात सांगतो की ओटीपी कुणालाही सांगू नका.

मी देवगड तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. हा नियम चुकीचा नाही, पण आमच्याकडच्या निम्म्या घरांना तो पाळताच येत नाही. जो नियम आईबाबाच दर महिन्याला मोडतात, तो मूल मनावर घेत नाही. त्यामुळे खोटा फोन येतो त्या दिवशीही ते आकडे सांगून मोकळं होतं. म्हणून आपल्या घरांना बसेल असा नियम हवा, आणि तो मुलाला नीट समजवायला हवा. कारण गावातल्या घरात फोन खऱ्या अर्थाने चालवतं ते मूलच. आजी चष्मा शोधत बसत नाही, सरळ हाक मारते, "रे झिला, ह्यो कसलो मेसेज इलो तो बघ मरे." बँकेचा मेसेज, गॅसचा मेसेज, भिशीचा हिशोब, सगळं तोच वाचतो आणि बटणंही तोच दाबतो. घरात हे काम सहावी-सातवीतलं मूल करत असेल, तर 'फोनला हात लावू नकोस' हा सल्ला त्याच्या काय कामाचा?

ओटीपी वाचायचा कसा

पलीकडचा कॉम्प्युटर आपल्याला ओळखत नाही, तो नंबर ओळखतो. तो नंबर ज्याच्या हातात आहे तोच खरा माणूस असं धरून तो चालतो आणि खात्री करायला आकडे पाठवतो. ते आकडे परत दिले की आपण त्या एका कामाला 'होय' म्हटलं. प्रश्न एवढाच, की कुठल्या कामाला?

त्याचं उत्तर बहुतेक वेळा मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. फोनच्या वरच्या पट्टीत मेसेज उमटतो, डोळे फक्त आकडे शोधतात, आणि आता तर कोड कॉपी करायचं बटणही तिथेच येतं. मुलांना मी सवय लावते ती उलटी: आधी शब्द मोठ्याने वाचायचे, आकडे सगळ्यात शेवटी. मेसेज कुणाचा आहे? आधारचा, बँकेचा की व्हॉट्सॲपचा? कशासाठी आहे? लॉगिन, रजिस्ट्रेशन, पैसे? रक्कम लिहिली आहे का? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आधारचा ओटीपी यायला हवा होता आणि मेसेजमध्ये बँकेचं नाव नि रुपये दिसले, तर तिथेच थांबायचं. मेसेज इंग्रजीत असला तरी 'डेबिट', 'लॉगिन', 'पेमेंट' एवढे शब्द सहावीच्या मुलाला ओळखू येतात. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही, हेही त्याला एकदा दोन खरे मेसेज शेजारी-शेजारी ठेवून दाखवावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: फोन कुणी लावला? अर्ज आपल्यासमोर उघडा आहे, बटण आपण दाबलं, आणि सेव्ह केलेल्या नंबरावर बाबांना फोन आपणच लावला, तर आकडे विचारायला हरकत नाही. पण फोन बाहेरून आला आणि समोरच्याने आकडे मागितले, तर द्यायचे नाहीत. तो बँकेचा असो, पोलीस असो, 'शाळेतून बोलतोय' म्हणणारा असो. आवाज बाबांसारखा वाटला तरी नाही. फोन ठेवायचा आणि आपणच बाबांना परत लावायचा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता कॉम्प्युटरवर करता येते, त्यामुळे 'आवाज ओळखीचा होता' या खात्रीवर आता विसंबून चालणार नाही. ज्या घरांत रोज फोनवरूनच व्यवहार होतात त्यांनी आपसांत एक खुणेचा शब्द ठरवावा. आपल्याकडे बागेतल्या कलमांनाही नावं असतात. बाहेरच्याला ठाऊक नसलेलं तसलं एखादं नाव चांगलं. ते व्हॉट्सॲपवर लिहून मात्र पाठवू नये.

व्हॉट्सॲपचे सहा आकडे वेगळे सांगायला हवेत, कारण तिथे पैशाचा उल्लेखच नसतो आणि माणूस गाफील राहतो. ओळखीच्याच नंबरावरून मेसेज येतो, "माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा पाठवता?" त्या ओळखीच्या माणसाचं खातं आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं. आकडे दिले की आपलंही जातं, आणि मग वाडीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आपल्याच नावाने पैशाची मागणी सुरू होते. यावर उपाय फुकट आहे: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करायचं आणि आपला सहा आकडी पिन ठेवायचा. मग चोराला कोड मिळाला तरी पिनशिवाय आत शिरता येत नाही.

जमेल तिथे ओटीपीच गावात आणून ठेवावा. मुलाच्या आधारला आईचा नंबर जोडता येतो, एकच नंबर घरातल्या दोघा-तिघांच्या आधारला चालतो. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की मुलाचे ठसे नि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावीच लागते. त्यासाठी आधार केंद्रात जाल तेव्हाच नंबर बदलून घ्या.

फोन हातात, बँक नाही

मुलाकडे जो फोन असतो त्यातच घराची बँक असते, खरी अडचण ही आहे. आजीचा फोन गेमसाठी मागितला जातो, आणि त्याच फोनवर पेन्शनच्या खात्याचं यूपीआय चालू असतं.

घरात जुना फोन पडला असेल, स्क्रीनला तडा गेलेला का असेना, तर तो मुलाच्या अभ्यासाला द्यावा: सिम काढून, बँकेची आणि पैशांची सगळी ॲप काढून, आतलं सगळं पुसून, मुलाचं वेगळं गुगल खातं घालून. नेट आईच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. या फोनवर गुगलचं 'फॅमिली लिंक' बसवलं की मुंबईत बसलेल्या बाबांनाही आपल्या फोनवर दिसतं की मूल कुठलं ॲप मागतंय. ते होय-नाही करू शकतात, रात्री फोन बंद व्हायची वेळ ठरवू शकतात. दोन ठिकाणी राहणाऱ्या घरांना याचा खरोखर उपयोग होतो. फक्त मूल तेरा-चौदाचं झालं की त्याला न सांगता पाळत ठेवू नये. काय दिसतं आणि का, हे त्याच्यासमोर बसून ठरवावं.

दुसरा फोन नसेल तर निदान एवढं करा. यूपीआय ॲपला स्वतःचं लॉक लावा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. 'तूच टाक रे पिन' ही सवय फार घरांत आहे, ती मोडायला हवी. पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, हे मात्र मुलाला आणि आजीला दोघांनाही पाठ हवं. मालवण-तारकर्लीकडे होमस्टे चालवणाऱ्यांना आणि आंब्याच्या पेट्या घरून विकणाऱ्यांना 'ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे भेटतात ते याच अज्ञानावर जगतात. यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमेला पिन लागतच नाही, म्हणून मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद ठेवलेलं बरं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. गेममधले हिरे आणि कपडे खऱ्या पैशांचे असतात हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कळत नाही.

गावात आजी-आजोबांना खर्चाला पैसे द्यायचे असतील तर 'यूपीआय सर्कल'चा विचार करा. खातं मुलाचं किंवा सुनेचं, खर्च आजीच्या फोनवरून, आणि वर मर्यादा: महिन्याला जास्तीत जास्त 15,000 रुपये, एका वेळी 5,000. आजीचा फोन चुकीच्या हाती पडला तरी नुकसान मर्यादेतच राहतं.

आता एपीके. मे महिन्यात आमच्याकडे लग्नांची रांग असते आणि निम्म्या पत्रिका व्हॉट्सॲपवरच येतात. त्यातली एखादी फोटो किंवा पीडीएफ नसते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. म्हणजे ती पत्रिका नव्हे, ते प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारं ॲप असतं. उघडलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की आपला ओटीपी आपल्या आधी चोर वाचतो, आणि वर सांगितलेला सगळा शहाणपणा फुकट जातो, कारण आता त्याला आपल्याला विचारायचीच गरज उरत नाही. वाहतूक दंडाची पावती, सरकारी योजनेची यादी, पैसे लावून खेळायचे गेम, हेही याच वाटेने येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, त्यामुळे आता 'लिंकवरून गेम घे' म्हणणाऱ्यापासून दुप्पट लांब राहावं. चुकून बसवलंच तर ताबडतोब वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करायचा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं, ते ॲप काढायचं. निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्यायचा.

बहुतेक सरकारी साइटची खूण ही धरा: सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन रेघा सोडून, पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी अलीकडे 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का? सुरुवातीला योजनेचं नाव कितीही ठसठशीत असू दे, शेवट दुसरा असेल तर शाळेत किंवा सेतू केंद्रात खात्री केल्याशिवाय माहिती भरायची नाही.

मूल सांगेल का?

इतकं सगळं करूनही एखाद्या दिवशी मूल फसेल. त्यानंतर काय होतं ते एका गोष्टीवर ठरतं: ते घरी सांगतं की लपवतं. आणि मुलं लपवतात, कारण त्यांना पुढचं पक्कं ठाऊक असतं. सांगितलं की फोन काढून घेणार, मार बसणार, शिवाय मुंबईला कळवणार.

वयात आलेल्या मुलामुलींना अडकवणारे याच भीतीवर टपलेले असतात. इन्स्टाग्रामवर ओळख होते, दोन दिवस गोड बोलणं, मग 'फोटो पाठव' किंवा व्हिडिओ कॉल. लगेच धमकी: पैसे दे, नाहीतर तुझ्या फॉलोअर्सना, तुझ्या वर्गाला पाठवतो. मुलाच्या मित्रांची यादी त्याने आधीच उतरवून घेतलेली असते. कधी कधी खरा फोटो नसतोच, चेहरा घेऊन बनवलेला असतो. धमकी तीच राहते. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. म्हणून हे घडायच्या आधी, एखाद्या साध्या दिवशी, जेवताना मुलाला स्पष्ट सांगा: असलं काही झालं तर मला सांग, तुझा फोन काढून घेणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. एकदा मोडलात की पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येणार नाही.

सांगितल्यावर काय करायचं? पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही, लाजेपोटी तेच आधी पुसलं जातं. त्या खात्याचं नाव, लिंक आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे, मग ब्लॉक. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही देता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, तातडीला 112.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. अठरा वर्षांच्या आत असताना काढलेल्या फोटोसाठी ती चालते. फोटो त्यांच्याकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोवरून आकड्या-अक्षरांची एक ओळ तयार होते, आणि फक्त ती ओळ इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सामील असलेल्या कंपन्यांना दिली जाते. अंगठ्याच्या ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा या ओळीवरून फोटो परत तयार करता येत नाही. पण तोच फोटो कुणी त्यांच्याकडे चढवू लागला तर ओळ जुळते आणि तो अडतो. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये तो असा ओळखता येत नाही, ही मर्यादा आहे. वय अठराच्या पुढे असेल तर अशीच 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सेवा आहे.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. पहिला तास सोन्याचा. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, भराभर पुढे सरकवतो. 1930 वर तक्रार गेली की पुढच्या पुढच्या बँकेला कळतं आणि वाटेत सापडेल ती रक्कम रोखून ठेवता येते. सोबत हवं: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. गावात रेंज नसेल तर मुंबईच्या बाबांनी लावावा, पण कुणीतरी लावावा, आणि रागवायचं ते त्यानंतर.

शाळेने काय करायचं

असला फोटो किंवा प्रकार शिक्षकाच्या कानावर आला तर तो 'पुरावा' म्हणून स्टाफच्या ग्रुपवर टाकू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तसला फोटो पुढे पाठवणं गुन्हा आहे, आणि न कळवता जपून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं. मुख्याध्यापकांना तोंडी सांगावं, आणि पोलिसांना कळवावं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्या कुणावरही ते बंधन आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून आपसांत मिटवणं कायद्यालाही धरून नाही आणि मुलाच्याही हिताचं नाही.

रोजच्या कारभारातही सुधारायला खूप वाव आहे. आधार कार्डाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर मागवणं आजपासून बंद करावं. ग्रुपमधल्या चाळीस फोनवर चाळीस मुलांचे आधार क्रमांक जाऊन बसतात आणि ते कुणी पुसत नाही. गरज असेल तर एकट्या शिक्षकाला पाठवायला सांगावं, चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' घ्यावं, काम झालं की पुसावं. स्नेहसंमेलनाचे फोटो स्टेटसवर लावताना मुलाचं नाव, इयत्ता आणि गाव एकत्र लिहू नये. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर आधी पालकांची संमती.

अभ्यास ग्रुपवर टाकताना तो फोन आता कुठे असेल याचा विचार करावा. वडील समुद्रावर असतील तर गृहपाठही समुद्रावर गेला. फोन नसलेल्या मुलाला वर्गात पाच मिनिटांत वहीत उतरवून देता येतो, मग 'ग्रुपवर टाकलाय' हे कारण उरत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, दीक्षा ॲपवरचे धडे उतरवून ठेवता येतात. पावसात लाईट आणि रेंज दोन्ही गेल्यावर तेच कामाला येतात. निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 ला रायगड किनाऱ्यावर काय केलं ते आपण पाहिलंय. तेव्हापासून दर वादळाच्या आधी फॉरवर्डचा पूर येतो. घरचे मेसेज मूलच वाचतं, म्हणून वर्गात खऱ्या इशाऱ्यातली तारीख, जिल्हा आणि हवामान खात्याने दिलेला इशाऱ्याचा रंग कुठे बघायचा ते एकदा दाखवावं. तारीख नसलेला इशारा पुढे पाठवायचा नाही, एवढं पाचवीचं मूलही पाळतं.

यूट्यूबबद्दल थोडक्यात: एका फोनवर आजीचं भजन, बाबांचं मासळीच्या लिलावाचं चित्रीकरण आणि नातवाची कार्टून असली तर यूट्यूबला ते तिघं वेगळे दिसत नाहीत. कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात ते बघून ते पुढचं वाढतं, म्हणून कार्टूनमागून भलतंच येऊ शकतं. ऑटोप्ले बंद करा, अधूनमधून हिस्ट्री पुसा, लहानग्याला यूट्यूब किड्स द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आतच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

बाबांचा फोन समोर असल्याशिवाय यातल्या निम्म्या गोष्टी होत नाहीत. मासेमारी बंदीच्या जून-जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर असतात, गणपतीला चाकरमानी घरी येतात. तेव्हा एक दुपार काढा. व्हॉट्सॲपचा पिन, यूपीआयचं लॉक, फॅमिली लिंक, खुणेचा शब्द. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर काढून टाका. प्रत्येक फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो. हे सगळं दहावीतला मुलगा किंवा मुलगी सहज करून देईल, पण आईलाही शेजारी बसवा, आणि प्रत्येक पिन तिच्या हातून एकदा टाकून बघा. बाबा परत गेल्यावर तो तिलाच लागणार आहे.